आपोआप जोडलेली डिस्क आपोआप सुटलीही पाहिजे: लिनक्सवर माउंट–अनमाउंटची पक्की व्यवस्था

यूएसबी डिस्क लावली, फाइली कॉपी केल्या, पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, केबल ओढली. दुसऱ्या दिवशी अर्धे फोटो उघडत नाहीत. लिनक्सवर फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची रचना) जोडण्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण डेटा जातो तो बहुतेक वेळा ती सोडवताना. म्हणून इथे दोन गोष्टींची सोय लावायची आहे. डिस्क गरज पडेल तेव्हाच जोडली जावी आणि काम संपलं की मिनिटाभरात आपोआप सुटावी. शिवाय ती डिस्क लावलेली नसली तरी मशीन विनातक्रार सुरू झालं पाहिजे.

उदाहरणाला दोन वस्तू घेऊ: बॅकअपसाठी एक बाहेरची यूएसबी डिस्क आणि घरच्या नेटवर्कवरचा एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला फाइलींचा साठा. सिस्टिमडी (मशीन सुरू करणारा आणि सेवा सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या कोणत्याही वितरणावर, म्हणजे उबुंटू, डेबियन, फेडोरा, आर्च यांवर, हे सगळं लागू होतं.

कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायची. फक्त यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख-क्रमांक), लेबल, काही पर्यायांची अक्षरं आणि युनिट फाइलींमधले शब्द यांत कॅपिटल अक्षरं येतात, ती त्या त्या ठिकाणी सांगितली आहेत. आडवी रेघ आणि टिंब जिथे दिसेल तिथे ते खरोखरच टाइप करायचं आहे.

कॉपीची पट्टी खोटं का बोलते

फाइल कॉपी होते तेव्हा ती आधी मेमरीत जाते. कर्नल (लिनक्सचा गाभा) ती सवडीने डिस्कवर उतरवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नलचा लिहिणारा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कवर पाठवतो. न उतरलेला मजकूर उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला की पार्श्वभूमीत लिहिणं सुरू होतं. २० टक्क्यांवर गेला की मग कॉपी करणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून ठेवलं जातं. १६ जीबी मेमरीच्या मशीनवर याचा अर्थ असा की, पट्टी पूर्ण भरली तरी दोन-तीन जीबी अजून हवेतच असू शकतात. सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या स्वस्त पेनड्राइव्हला ३ जीबी उतरवायला पाच मिनिटं लागतात.

हे डोळ्यांनी पाहता येतं. /प्रॉक/मेमइन्फो या फाइलीत ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ अशा दोन ओळी असतात. मोठी कॉपी झाल्यावर

वॉच ग्रेप -ई डर्टी -ई राइटबॅक /प्रॉक/मेमइन्फो

चालवलं तर आकडा हळूहळू शून्याकडे उतरताना दिसतो (डर्टी आणि राइटबॅक यांचं पहिलं अक्षर इथे कॅपिटल). अनमाउंट करणं म्हणजे हा आकडा त्या डिस्कपुरता शून्य होईपर्यंत थांबणं, फाइल सिस्टिमवर ‘व्यवस्थित बंद केली’ अशी खूण करणं आणि मग ती फोल्डरांच्या झाडातून काढून घेणं. म्हणूनच यूमाउंट कमांडला कधीकधी मिनिटं लागतात. ती अडकलेली नसते, काम करत असते. तिला कंट्रोल-सी देऊन मारू नका. या कमांडच्या नावात मधला ‘एन’ नाही, हेही लक्षात असू द्या.

डिस्कची ओळख: नाव नको, क्रमांक हवा

/डेव्ह/एसडीबी१ हे डिस्कचं नाव नाही, ती रांगेतली जागा आहे. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने ही अक्षरं वाटली जातात. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या पेनड्राइव्ह आधी लावलेला असला तर एसडीसी होते. कायमच्या व्यवस्थेत हे नाव वापरलं तर एक दिवस बॅकअप भलत्याच डिस्कवर जाईल.

डिस्क लावा आणि

एलएसबीएलके -एफ

चालवा. प्रत्येक विभाजनासमोर फाइल सिस्टिमचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी दिसेल. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या प्रकाराचा यूयूआयडी रेघांसकट ३६ अक्षरांचा असतो. विंडोजच्या एनटीएफएसचा १६ आकडी असतो. व्हीफॅट आणि एक्सफॅटचा मात्र चार-रेघ-चार एवढाच छोटा असतो. तो पाहून काही चुकलंय असं समजू नका. कॉपी-पेस्टच करा, हाताने टाइप करू नका.

यूयूआयडी फॉरमॅट केल्यावर बदलतो. उलट, डीडी या कमांडने डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर दोन्ही डिस्कांचा यूयूआयडी एकच असतो आणि दोन्ही एकदम लावल्या तर कोणती जोडली जाईल याची खात्री नाही. नकलेचा क्रमांक ट्यून२एफएस -यू रँडम देऊन लगेच बदलून घ्या (इथला ‘यू’ कॅपिटल).

एफएसटॅबची ओळ

/इटीसी/एफएसटॅब ही साधी मजकुराची फाइल आहे; कोणती डिस्क कुठे आणि कशी जोडायची याची यादी तिच्यात असते. आधी तिची प्रत काढा (सुडो म्हणजे प्रशासकाच्या, रूटच्या, अधिकाराने चालवणं):

सुडो सीपी /इटीसी/एफएसटॅब /इटीसी/एफएसटॅब.जुनी

मग जोडण्याची जागा तयार करा:

सुडो एमकेडिर /एमएनटी/साठा

आणि एफएसटॅबमध्ये ही एक सलग ओळ घाला:

यूयूआयडी=इथे-तुमचा-क्रमांक /एमएनटी/साठा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टिमडी.आयडल-टाइमआउट=६०एस,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस ० २

‘यूयूआयडी’ ही चार अक्षरं कॅपिटल, बाकी सगळं लहान. सहा रकाने, मध्ये मोकळी जागा किंवा टॅब. पर्यायांच्या रकान्यात मात्र स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. सोडली तर रकाने सरकतात आणि ओळ निकामी होते. जोडण्याच्या जागेच्या नावात जागा असेलच तर तिथे उलटी तिरकी रेघ आणि ०४० लिहावं लागतं. त्यापेक्षा नाव एकशब्दी ठेवा.

शेवटचे दोन आकडे: पहिला डम्प नावाच्या जुन्या बॅकअप साधनासाठी, तो शून्यच ठेवा. दुसरा तपासणीचा क्रम. मूळ विभाजनाला १, इतर ईएक्सटी४ ला २, आणि एक्सफॅट, एनटीएफएस व नेटवर्कवरच्या साठ्याला ०.

आता पर्यायांकडे, कारण सगळी व्यवस्था त्यांच्यावर उभी आहे.

नोफेल नसेल आणि डिस्क लावलेली नसेल तर सिस्टिमडी तिची ९० सेकंद वाट पाहतो, मग हार मानून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये नेतो. काळी स्क्रीन, पासवर्डची मागणी, डेस्कटॉप नाही. बाहेरच्या डिस्कसाठी नोफेल विसरणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. नोफेल असलं की बूट त्या डिस्कसाठी थांबतच नाही.

ऑटोमाउंटचा पर्याय बूटच्या वेळी डिस्क जोडत नाही, तिथे फक्त पहारेकरी बसवतो. /एमएनटी/साठा मध्ये कोणी डोकावलं, अगदी एलएस केलं, की कर्नल त्या प्रोग्रामला क्षणभर थांबवतो, सिस्टिमडी डिस्क जोडतो आणि प्रोग्राम पुढे चालू होतो. प्रोग्रामला काही कळतही नाही. ही कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८८ साली सनओएस ४.० मध्ये ती नेटवर्कवरच्या फाइलींसाठी आणली होती.

आयडल-टाइमआउट नेमकं उलटं काम करतो: ६० सेकंद कोणी फिरकलं नाही की डिस्क सोडवतो. हा लिहिला नाही तर सोडवणं होतच नाही, कारण मूळ मूल्य शून्य म्हणजे ‘कधीच नाही’ असं आहे. कित्येक जण ऑटोमाउंट लिहितात आणि हा विसरतात. मग डिस्क एकदा जोडली गेली की बंद होईपर्यंत जोडलेलीच राहते आणि मूळ हेतूच फसतो.

डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंदांवर का? डिस्क लावलेली नसताना कोणी त्या फोल्डरला हात लावला तर तो प्रोग्राम ९० सेकंद गोठून राहतो. फाइल मॅनेजर असेल तर पूर्ण खिडकी गोठते. दहा सेकंदांत ‘असं उपकरण नाही’ ही चूक मिळालेली बरी. फार जुनी, जागी व्हायला वेळ घेणारी डिस्क असेल तर २० करा.

बऱ्याच ठिकाणी या ओळीत नोऑटो पण दिसतो. ऑटोमाउंट असताना सिस्टिमडी त्याकडे लक्ष देत नाही. फक्त माउंट -ए ही कमांड ती ओळ वगळते. ठेवला तरी बिघडत नाही.

एक्सफॅट आणि एनटीएफएस असेल तर

ईएक्सटी४ मध्ये फाइलीचा मालक कोण हे डिस्कवरच नोंदलेलं असतं. एक्सफॅट आणि व्हीफॅटमध्ये ती सोयच नाही, म्हणून जोडताना सांगावं लागतं: यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,यूमास्क=०२२. तुमचा आकडा आयडी -यू देऊन पाहा. एनटीएफएसलाही हेच पर्याय द्या. पण हेच पर्याय ईएक्सटी४ च्या ओळीत घातले तर जोडणीच फसते आणि ‘चुकीचा प्रकार, चुकीचा पर्याय, किंवा खराब सुपरब्लॉक’ असा घाबरवणारा संदेश येतो. डिस्क ठीक असते, पर्याय चुकलेला असतो. खरं कारण डीमेसेजच्या शेवटच्या चार ओळींत सापडतं. कमांडचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी.

ईएक्सटी४ वर मालकी द्यायची ती डिस्क जोडलेली असताना: सुडो सीहाउन तुमचं-नाव: /एमएनटी/साठा (सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, नावामागचा अपूर्णविराम टाइप करायचा आहे). डिस्क नसताना दिलेली मालकी खालच्या रिकाम्या फोल्डरला लागते आणि डिस्क वर आली की झाकली जाते.

एनटीएफएससाठी कर्नल ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, एनटीएफएस३ हा कर्नलमधलाच ड्रायव्हर आहे. त्याआधीचा एनटीएफएस-३जी वेगळा बसवावा लागतो. दोघेही एका बाबतीत कडक आहेत. विंडोजने फास्ट स्टार्टअपमध्ये अर्धवट बंद केलेली डिस्क ते लिहिण्यासाठी जोडत नाहीत. नकार देतात किंवा फक्त वाचण्यापुरती जोडतात. हा नकार मोडून काढण्याचा हट्ट करू नका. विंडोजमध्ये जाऊन पॉवरसीएफजी /एच ऑफ ही कमांड प्रशासक म्हणून चालवा, गरज असेल तर सीएचकेडीएसके /एफ करा, मशीन पूर्ण बंद करा आणि मग लिनक्सवर या.

मराठी नावांच्या फाइलींची दोन दुखणी इथेच सांगितली पाहिजेत. व्हीफॅटच्या पेनड्राइव्हवर देवनागरी नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर पर्यायांत यूटीएफ८ हा एक शब्द घाला. दुसरं दुखणं कमी लोकांना ठाऊक असतं: ईएक्सटी४ वर फाइलीचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त यांची चिन्हं स्वतंत्र मोजली जातात. ‘विद्यार्थी’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा. एनटीएफएसवर मात्र मर्यादा २५५ चिन्हांची आहे. त्यामुळे विंडोजवर बिनघोर साठवलेली लांब मराठी नावाची फाइल ईएक्सटी४ वर कॉपी करताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. नाव ८५ चिन्हांच्या आत आणणं हाच उपाय.

रीबूटआधी तपासा

एफएसटॅब बदलून थेट रीबूट करायचं नाही. आधी

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय --व्हर्बोझ

चालवा. रकान्यांची चूक, न सापडणारा यूयूआयडी, नसलेलं फोल्डर हे सगळं ती सांगते. शून्य चुका आल्यावर

सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड

हे विसरलात तर केलेला बदल सिस्टिमडीला दिसणारच नाही, कारण तो एफएसटॅब सतत वाचत नाही. बूटला आणि या कमांडवर तिच्यापासून आपली युनिटं बनवतो. /एमएनटी/साठा चं युनिट एमएनटी-साठा.माउंट आणि पहारेकरी एमएनटी-साठा.ऑटोमाउंट. मार्गातली तिरकी रेघ नावात आडवी होते. म्हणूनच फोल्डरच्या नावात मुळात आडवी रेघ असेल तर युनिटचं नाव विचित्र होतं. ते सिस्टिमडी-एस्केप -पी देऊन काढून घ्यावं लागतं.

आता पहारेकरी उभा करा:

सुडो सिस्टिमसीटीएल स्टार्ट एमएनटी-साठा.ऑटोमाउंट

डिस्क आधीच हाताने जोडलेली असेल तर इथे नकार मिळतो: त्या जागी आधीच काही जोडलेलं आहे. आधी यूमाउंट, मग स्टार्ट.

परीक्षा सोपी आहे. फाइंडएमएनटी /एमएनटी/साठा चालवा. प्रकाराच्या रकान्यात ऑटोएफएस दिसेल. एलएस /एमएनटी/साठा करा आणि पुन्हा पाहा. आता खाली ईएक्सटी४ ची ओळही येते. दीड मिनिट हात लावू नका, तिसऱ्यांदा पाहा. ईएक्सटी४ ची ओळ गेलेली असेल. मग केबल काढून एलएस करा. दहा सेकंदांत चूक यायला हवी. शेवटी केबल काढलेल्या अवस्थेतच रीबूट करून पाहा, कारण खरी कसोटी तीच.

इमर्जन्सी मोडमध्ये अडकलाच तर रूटचा पासवर्ड देऊन आत जा, माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / चालवा, नॅनोने एफएसटॅब उघडा, नवी ओळ हॅश चिन्ह लावून बंद करा आणि सिस्टिमसीटीएल रीबूट करा. काही मशीनांवर रूटचं खातं कुलूपबंद असतं आणि आतच जाता येत नाही. तेव्हा लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करून मूळ विभाजन जोडायचं आणि त्यातली एफएसटॅब दुरुस्त करायची. एखादा लाइव्ह यूएसबी ड्रॉवरमध्ये असावाच.

सुटत नसेल तर

साठ सेकंद उलटूनही डिस्क जोडलेलीच, किंवा यूमाउंटचं उत्तर ‘लक्ष्य व्यस्त आहे’. कोणीतरी आत बसलेलं असतं. कोण ते

सुडो एफयूजर -व्हीएम /एमएनटी/साठा

सांगतं (कमांड एफ-यू-एस-ई-आर). उत्तरातल्या खुणा वाचा: ‘सी’ म्हणजे त्या प्रोग्रामचं चालू फोल्डर तिथे आहे, ‘एफ’ म्हणजे फाइल उघडी आहे. सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे सीडी करून त्या फोल्डरमध्ये विसरलेलं दुसरं टर्मिनल. त्याच टर्मिनलमधून यूमाउंट करत असाल तर तुम्हीच आत उभे असता. आधी सीडी करून बाहेर या.

त्यानंतर नंबर लागतो फाइलींची सूची करणाऱ्या कार्यक्रमांचा. लोकेटसाठी रात्री चालणारा अपडेटडीबी प्रत्येक जोडलेल्या डिस्कमधून फिरतो, /इटीसी/अपडेटडीबी.कॉन्फ मधल्या प्रूनपाथ्स (सगळी अक्षरं कॅपिटल) या ओळीत /एमएनटी असल्याची खात्री करा. डेस्कटॉपच्या शोध-सूचीतूनही ही जागा काढून टाका. फाइल मॅनेजरची खिडकी त्या फोल्डरवर उघडी असेल तर ती अधूनमधून डोकावत राहते आणि ६० सेकंदांचं घड्याळ पुन्हा शून्यावर जातं.

यूमाउंट -एल या ‘आळशी’ प्रकाराबद्दल इशारा द्यायला हवा. तो लगेच यशस्वी होतो, म्हणून लोकांना आवडतो. पण तो डिस्क फक्त नजरेआड करतो. आत उघड्या असलेल्या फाइली तशाच लिहिल्या जात राहतात आणि शेवटची फाइल बंद होईपर्यंत खरं सोडवणं होत नाही. ते कधी झालं हे कळायचा साधा मार्ग नाही. यूएसबी डिस्कवर हा प्रकार वापरून केबल ओढणं म्हणजे सरळ न सोडवता ओढणं. मेलेल्या नेटवर्क साठ्यासाठी तो ठीक, स्थानिक डिस्कसाठी नाही.

बॅकअप चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून

ऑटोमाउंट नसताना एक अपघात हमखास होतो. डिस्क लावलेली नाही, /एमएनटी/साठा हे साधं रिकामं फोल्डर आहे, रात्री आरसिंक (बॅकअपसाठी फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) चालतो आणि सगळा बॅकअप मूळ डिस्कवरच ओतून ती भरून टाकतो. सकाळी लॉगिनही होत नाही. ऑटोमाउंट असेल तर हे घडत नाही, कारण पहारेकरी त्या फोल्डरवर बसलेला असतो आणि डिस्क नसेल तर लिहू देण्याऐवजी चूक परत करतो. त्यामुळे डिस्क रोज लागत नसली तरी ऑटोमाउंट ठेवणंच शहाणपणाचं.

ऑटोमाउंट नकोच असेल तर डिस्क सोडवलेली असताना सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/साठा करा. रिकाम्या फोल्डरमध्ये मग रूटलाही लिहिता येत नाही, आणि डिस्क जोडली की मात्र सगळं नेहमीसारखं.

स्क्रिप्टमध्येही एक अट हवी. पुष्कळ जण माउंटपॉइंट -क्यू ने तपासतात, पण ऑटोमाउंटच्या व्यवस्थेत ती फसवी आहे: पहारेकरी हाही एक माउंटच असल्याने डिस्क नसतानाही उत्तर ‘हो’ येऊ शकतं. त्याऐवजी डिस्कच्या मुळाशी एक खुणेची रिकामी फाइल ठेवा आणि आधी ती आहे का पाहा:

टेस्ट -ई /एमएनटी/साठा/.हीच-ती-डिस्क || एक्झिट १

ही तपासणीच डिस्क जोडायलाही लावते, आणि भलतीच डिस्क जोडली गेली असेल तर तीही पकडते. स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या सर्व्हिसमधून चालवत असाल तर युनिटच्या भागात रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/एमएनटी/साठा ही ओळ घाला (शब्द आडव्या रेघांशिवाय जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल). डिस्क जोडल्याशिवाय सर्व्हिस सुरूच होणार नाही. टायमरमध्ये पर्सिस्टंट=ट्रू ठेवलं तर मशीन बंद असल्यामुळे चुकलेला बॅकअप पुढच्या वेळी सुरू झाल्यावर घेतला जातो (यातल्या पर्सिस्टंटचंही पहिलं अक्षर कॅपिटल).

गावाकडे, जिथे वीज न सांगता जाते, तिथे डेस्कटॉपला लावलेल्या बॅकअप डिस्कसाठी एक्सफॅट टाळा. त्यात जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलींची सूचीच बिघडू शकते. ईएक्सटी४ पुढच्या जोडणीत जर्नल वाचून स्वतःला सावरून घेते. दिवसातले तेवीस तास सोडवलेल्या अवस्थेत असलेल्या डिस्कला तर वीज गेल्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

नॅस आणि नेटवर्क

एक-दोनच साठे असतील तर एफएसटॅबच पुरे:

नॅस:/व्हॉल्यूम१/फोटो /एमएनटी/फोटो एनएफएस _नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टिमडी.आयडल-टाइमआउट=५मिन,एक्स-सिस्टिमडी.माउंट-टाइमआउट=१५एस ० ०

लॅपटॉपवर हे विशेष उपयोगी, कारण घराबाहेर असताना नॅस नसतोच. एनएफएस या नेटवर्कवरून फाइली देण्याच्या पद्धतीची मूळ वृत्ती ‘हार्ड’ असते: सर्व्हर गेला तर प्रोग्राम तो परत येईपर्यंत थांबून राहतो. त्याला कंटाळून ‘सॉफ्ट’ लिहिण्याचा मोह होतो. लिहिण्यासाठी जोडलेल्या साठ्यावर तो टाळा. वेळ संपली की लिखाण अर्धवट टाकून दिलं जातं आणि फाइल खराब होते. हार्ड ठेवा आणि आयडल-टाइमआउटला डिस्क वेळेत सोडवू द्या. मेलेल्या सर्व्हरला सोडवायचंच असेल तर यूमाउंट -एफ.

विंडोजच्या शेअरसाठी प्रकार सीआयएफएस आणि पर्यायांत क्रेडेन्शियल्स=/इटीसी/नॅस-गुप्त,यूआयडी=१०००. त्या फाइलीत युजरनेम= आणि पासवर्ड= अशा दोन ओळी, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता, आणि फाइलीला सीएचमॉड ६००. पासवर्ड एफएसटॅबमध्ये लिहू नका, ती फाइल मशीनवरच्या प्रत्येकाला वाचता येते.

साठे पाच-दहा झाले, किंवा कॉलेजच्या लॅबसारखी जागा असेल जिथे प्रत्येक विद्यार्थ्याचं घर-फोल्डर सर्व्हरवर आहे, तर ऑटोएफएस हे वेगळं पॅकेज बसवा. /इटीसी/ऑटो.मास्टर.डी मध्ये घर.ऑटोएफएस नावाची फाइल, आत एक ओळ:

/घर /इटीसी/ऑटो.घर --टाइमआउट=१२०

आणि /इटीसी/ऑटो.घर मध्ये

* -एफएसटाइप=एनएफएस४,आरडब्ल्यू सर्व्हर:/एक्सपोर्ट/घर/&

तारा म्हणजे मागितलेलं कोणतंही नाव, आणि शेवटच्या चिन्हाच्या जागी तेच नाव बसतं. शंभर विद्यार्थ्यांसाठी एक ओळ पुरते. सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट ऑटोएफएस करा.

इथे तीन जागी लोक अडखळतात. एलएस /घर केल्यावर फोल्डर रिकामं दिसतं आणि वाटतं काहीच झालं नाही. पण आतलं नाव घेतल्याशिवाय ते जोडलंच जात नाही, थेट एलएस /घर/नाव करून पाहा. दुसरं, /घर च्या आतली फोल्डरं हाताने बनवू नका, ती ऑटोएफएस स्वतः बनवतो. तिसरं फार छळतं: ऑटो.घर या फाइलीला चुकून ‘चालवण्याची’ परवानगी असेल तर ऑटोएफएस तिला नकाशा न मानता प्रोग्राम म्हणून चालवायला जातो. सीएचमॉड ६४४ करा. तरीही उलगडा होत नसेल तर सर्व्हिस थांबवून सुडो ऑटोमाउंट -एफ -व्ही चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून फोल्डर उघडा. नेमकं काय फसतंय ते डोळ्यांसमोर उमटतं.

येणारे-जाणारे पेनड्राइव्ह

यांच्यासाठी काही लिहू नका. डेस्कटॉपवर यूडिस्क्स हे काम करतो आणि उबुंटू-डेबियनवर /मीडिया/तुमचं-नाव, फेडोरा-आर्चवर /रन/मीडिया/तुमचं-नाव इथे जोडतो.

यूडेव्ह (उपकरण लावल्याची दखल घेणारी सेवा) याच्या नियमात रन लिहून तिथून माउंट चालवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. तो पाळू नका. यूडेव्हची सेवा स्वतःच्या वेगळ्या माउंट-नामअवकाशात चालते, त्यामुळे तिने जोडलेली डिस्क बाकीच्या मशीनला दिसतच नाही. शिवाय लांबलेलं काम ती मारून टाकते. डिस्क लावताच बॅकअप सुरू व्हावा असं वाटत असेल तर नियमात यूयूआयडी जुळवा, टॅग म्हणून सिस्टिमडी लावा आणि सिस्टिमडी_वॉन्ट्स (सगळी अक्षरं कॅपिटल) मध्ये आपल्या सर्व्हिसचं नाव द्या. जोडणं आणि चालवणं मग सिस्टिमडी करतो.

केबल काढताना

डिस्क सुटली तरी पहारेकरी जागाच असतो. कोणी डोकावलं की ती पुन्हा जोडली जाते, नेमकी तुम्ही केबलला हात घालता तेव्हा. म्हणून काढण्याआधी फाइल मॅनेजरची खिडकी बंद करा आणि हा क्रम ठेवा:

सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप एमएनटी-साठा.ऑटोमाउंट
सुडो यूमाउंट /एमएनटी/साठा
यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी

दुसऱ्या ओळीला ‘जोडलेलं नाही’ असं उत्तर आलं तर उत्तमच, ती आधीच सुटली होती. तिसऱ्या ओळीतलं अक्षर त्या क्षणी एलएसबीएलके मध्ये पाहूनच लिहा. ही ओळ फिरत्या चकत्यांच्या डिस्कसाठी महत्त्वाची आहे: तिच्यामुळे डोकी सावकाश जागेवर नेऊन ठेवली जातात आणि मोटर थांबते, तर नुसती केबल ओढल्यावर ती घाईघाईत मागे खेचली जातात. डिस्कला हाताचा तळवा लावा; थरथर थांबली की काढा.

पुढच्या वेळी डिस्क लावल्यावर सिस्टिमसीटीएल स्टार्ट एमएनटी-साठा.ऑटोमाउंट द्यायचं, किंवा मधल्या काळात मशीन रीबूट झालेलं असेल तर काहीच नाही.